फिकट लाल रेघ

मंडळी, दुपारपासून एका जागी बसवत नाहीये.

सकाळी आमच्या तळ्यातली कोळंबी सुस्त दिसली, म्हणून विषाणू तपासायची पट्टी वापरली. तिच्यात सोन्याचे अतिसूक्ष्म, लाल दिसणारे कण असतात. विषाणू असला की लाल रेघ उमटते. उमटली, पण अगदी फिकट.

"माका कायएक दिसना नाय. चष्मो बदल गो!" नवरा म्हणाला.

तरी शेजारच्या तळेवाल्या भाऊंना फोन केला, कारण आमचं पाणी ज्या खाडीत जातं, तिथूनच ते तळ्यात पाणी घेतात. "आज भरतीचा पाणी घेव नकात."

"नक्की आसा, वहिनी?"

"नक्की नाय."

त्यांनी ऐकलं. आता उकाड्यात ताज्या पाण्यावाचून त्यांची कोळंबी तडफडतेय.

प्रयोगशाळेचा अहवाल उद्या येईल. रेघ खोटी ठरावी असं वाटतं. आणि मी चुकले नाही हे कळावं, एवढ्यासाठी ती खरी ठरावी, असंही.

तुम्ही फोन केला असता?