खोलीचं तापमान सत्तावीस

आमच्याकडे पाहुणे आले की माझ्या बीएस्सीची गोष्ट लोणच्यासारखी पानात पडते. वाढणारी मीच.

भौतिक, रसायन आणि गणित असे तीन विषय घेऊन मी अकोल्याच्या कॉलेजात शिकत होते. कडक स्टार्चची सुती साडी, छातीशी धरलेली पुस्तकं, आणि जगातलं सगळं त्या पुस्तकांत आहे असा चेहरा. शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा भर एप्रिलात आली. मला प्रयोग मिळाला तो गरम पाणी कसं निवतं ते मोजण्याचा. तांब्याच्या भांड्यात कढत पाणी, त्यात थर्मामीटर, दर मिनिटाला आकडा टिपायचा आणि शेवटी आलेख काढायचा. सुरुवातीला खोलीचं तापमान नोंदवायचं असतं. मी लिहिलं, सत्तावीस.

का, तर प्रयोगांच्या पुस्तकात सत्तावीस होतं. ती कॉपी नव्हती हो, श्रद्धा होती! मला खरोखर वाटायचं की गुरुत्वाकर्षणाचा आकडा जसा सगळीकडे तोच, तसंच खोलीचं तापमानही. पुस्तकवाले कुठल्या थंड हवेच्या गावी बसून लिहितात, हे मला कोण सांगणार? बर्नरची ज्योत फडफडू नये म्हणून पंखे बंद होते. साडी पाठीला चिकटली होती. पाणी निवता निवता त्रेचाळीसच्या आसपास आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. आलेखाची रेघ सरळ येईना. तेव्हा या विदुषीने काय करावं? लॅब असिस्टंटला बोलावून मोठ्या ऐटीत सांगितलं, "हे भांडं खराब आहे."

बाहेरगावचे परीक्षक रुमालाने मान पुसत माझ्या टेबलाशी आले. त्यांनी माझा कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

"बाई, हे खोली कुठची आहे?"

"हीच, सर."

"मंग मले काहून थंडी लागून नाही राहिली?"

सगळी लॅब हसली. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला, पारा बेचाळीसवर, आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी पास झाले ती त्यांच्या दयेवर.

ही गोष्ट मी इतकी रंगवून सांगत आले, की माझ्या मुलाच्या डोक्यात बीएस्सी म्हणजे सत्तावीस असंच बसलं. ते मला कळलं गेल्या जूनमध्ये. तो अकोल्याला विमा कंपनीत आहे, मी इकडे अमरावतीत. एका रविवारी सकाळी तो लेकीला घेऊन दारात उभा. नात बारावी झाली होती. तिला माझेच तीन विषय घेऊन बीएस्सी करायचं होतं. बापाला हवं होतं इंजिनीअरिंग. प्रवेशाची मुदत संपत आली होती आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

"आई, तूच सांग इले," तो चप्पल काढता काढता म्हणाला. "तू म्हणशीन ते फायनल. बीएस्सी करून काय होते, हे तुझ्यापेक्षा कोणाले जास्त माहीत?"

"आजी, तुह्या तोंडून एकदा आयकू दे यायले," नातही तितक्याच विश्वासाने म्हणाली.

म्हणजे दोघंही मला आपल्याच बाजूची धरून आले होते. मी म्हटलं, आधी जेवा.

जेवताना दोघं पुन्हा जुंपले. बाहेर आभाळ दाटलेलं, पान हलत नव्हतं. कूलरच्या गारव्यात यांना वाद घालायला फार सोपं जात होतं. पोळ्या आणायला उठले तेव्हा मी कूलरच्या मागे हात घालून पंपाची पिन काढून ठेवली. पंखा सुरू, पाणी बंद. म्हटलं, तापायचंच आहे तर नीट तापा.

ताक येईपर्यंत खोलीची भट्टी झाली.

"कूलर गेला तुझा," मुलगा शर्टाचं बटण काढत म्हणाला. "पंप जळला असन. मिस्त्रीले फोन लावतो."

"पंप नाई बाबा," नात म्हणाली, "हवेत ओल जास्त आहे. पाण्याची वाफच होत नाई, मंग थंड कसं होईन? आमच्या पुस्तकात..."

झालं! पोट्टी थेट माझ्यावर गेली. मी ताकाचा पेला तोंडाशी धरून हसू लपवलं. मुलगा मोबाइलमध्ये मिस्त्रीचा नंबर शोधत होता.

पण ती बोलता बोलता थांबली. उठली, उष्टा हात तसाच धरून दुसऱ्या हाताने कूलरची वाळ्याची ताटी चाचपली.

"ताटी तर कोरडी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "ओल जास्त असती तर हे ओली राहाले पाहिजे होती."

मग वाकून टाकीत पाहिलं. पाणी होतं. वायरीवर हात फिरवत मागे गेली, आणि तिथून पिन हातात घेऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. बापानेही पाहिलं.

"काय वो आई, हे कामं करतं का तू या वयात?"

"दुसरं काय करू? बीएस्सी झालेली बाई!"

पिन लावली, ताट्यांवरून पाणी ओघळू लागलं. मी म्हटलं, "हिले बीएस्सीले जाऊ दे."

तो लगेच मानला नाही. "पण पुढं काय, आई? हे हशीची गोष्ट नाई."

मग मी पहिल्यांदाच न हसवता सांगितलं. माझ्या वर्गातली एक अचलपूरला शाळेत गणित शिकवायची. एक हवामान खात्यात गेला. एक पुढे शिकत शिकत पार संशोधनात पोहोचली. आणि मी पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं, त्यातलं मीठ मोजायचं. मीठ मोजायला चांदीचा क्षार लागायचा, त्याने माझी बोटं कायम काळी. शेजारच्या बाया विचारायच्या, कोणती मेंदी वो ही? बाटलीत जे निघेल तेच लिहायचं, मग गावचा सरपंच कितीही रागावो.

"हे तू कधी सांगितलं नाई," मुलगा म्हणाला.

"सांगत होती बाबू. तू सत्तावीसपर्यंत आयके अन् हसत उठून जाये."

त्याने उरलेलं ताक संपवलं. मग लेकीला म्हणाला, "कागदं आणले का सगळे? उद्या सकाळीच जाऊ इथल्या कॉलेजात."

आता ती माझ्याकडेच राहते. पहिल्या प्रॅक्टिकलला निघाली तेव्हा तिने दारातून मुद्दाम ओरडून विचारलं, "आजी, खोलीचं तापमान किती लिहू?"

"मले काहून विचारतं? खोलीले विचार," मी म्हटलं, आणि तिच्यामागे दार लावून घेतलं.