पश्चिमेच्या फांदीची नोंद

फळसंशोधन केंद्रात माझ्या सासूबाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. अ‍ॅप्रनच्या वरच्या खिशात कायम एक बारीक चिमटा असायचा, म्हणून हे नाव पडलं असं त्या सांगायच्या. त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायका मात्र हसून म्हणायच्या, चिमटा खिशात कमी आणि जिभेवर जास्त. मी सून म्हणून त्या घरात गेले तेव्हा मला दोन्हींची धास्ती होती.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. केंद्रात लागल्या त्या तण काढायला. पण हात हलका आणि नजर तीक्ष्ण, त्यामुळे तीन वर्षांत त्यांना संकराच्या कामावर घेतलं. सफरचंदाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी हलकेच उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण कुंचल्याने लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. एका वसंतात अशा हजारभर कळ्या. पुढे फळ धरलं की त्यातल्या बिया काढायच्या, ओल्या वाळूत घालून तीन महिने थंडीत ठेवायच्या, मग पेरायच्या. त्या सांगत बसल्या की वाटे, ही बाई झाडांची सोयरीक जमवते आणि बाळंतपणंही करते.

हे सगळं चाललं होतं करप्यासाठी. हा रोग आला की सफरचंदाचा आणि नाशपातीचा कोवळा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकतो आणि जाळल्यासारखा काळा पडतो. पंधरा दिवसांत उभी बाग होरपळून जाते. करप्याला दाद न देणारं झाड तयार करायचं, हे केंद्राचं वीस वर्षांचं काम. रोपं वीतभर झाली की काचघरात नेत. रोगाच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने कोवळी पानं कापत आणि वाट पाहत. बहुतेक रोपं मरत. मेलेली रोपं मोजून बाहेर काढायचं कामही सासूबाईंचंच. त्या दिवशी घरी कमी बोलत.

मग एका वर्षी चारशे बारा रोपांतली तेवीस रोपं मेली नाहीत. मरणं सोडाच, त्यांच्या पानांवर कापल्याच्या कडेला नुसती तांबूस रेघ उमटली आणि तिथेच थांबली. सासूबाई त्या संध्याकाळी चालत घरी आल्या, बसची वाट बघायचाही धीर नव्हता. सासरे बसडेपोत मेकॅनिक होते. त्यांना दारातच तेवीस हा आकडा सांगितला. बसचा नंबर असावा तसं त्यांनी विचारलं, "कुठे जाते?"

पण महिनाभराने डीएनएची तपासणी आली आणि सगळं फिरलं. नव्याने आलेल्या शास्त्रज्ञ मॅडमनी बैठकीत सांगितलं, की या तेवीस रोपांचा बाप बरोबर आहे, पण आई रजिस्टरमध्ये लिहिली आहे ती नाही. ती दुसरंच कुठलं तरी झाड आहे. आई कोण हे माहीत नाही म्हणजे दोन वर्षांचं काम पाण्यात. बिया धुताना दोन ढीग एकत्र झाले असावेत, असं मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, नाव घेतलं नाही. पण बिया कोण धुतं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सासूबाईंनी घरी येऊन स्वयंपाकघरात बसून झालं ते सांगितलं. सासरे म्हणाले, अगं, माणसाच्या हातून होतं, सोडून दे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या हातून झालं असतं तर सगळ्यांच्या आधी मीच बोलले असते. हे माझ्या हातून झालेलं नाही."

जेवण झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि आपल्या वह्या काढल्या. केंद्राचं रजिस्टर वेगळं होतं, त्यात झाड आणि तारीख एवढंच लिहीत. या वह्या त्यांच्या स्वतःच्या. कोणी मागितलेल्या नव्हत्या, कोणी कधी पाहिल्याही नव्हत्या. प्रत्येक पिशवी झाडाच्या कुठल्या बाजूच्या फांदीवर बांधली, हे त्यांत होतं. प्रत्येक फळाच्या बिया वेगळ्या पाकिटात, पाकिटावर पिशवीचा नंबर, आणि ट्रेमध्ये पेरतानाही तोच क्रम. मी तेवीस रोपांचे नंबर वाचत गेले, त्या बोट फिरवत गेल्या. पहिलं रोप पश्चिमेच्या फांदीचं. दुसरंही पश्चिमेचं. सहावं, दहावं, विसावं, सगळी पश्चिमेची. इतर कुठल्याही फांदीचं एकही रोप जगलं नव्हतं. ढीग मिसळले असते तर रोपं अशी एका बाजूला गोळा झाली नसती, एवढं मलाही कळलं.

आणि त्याच पानाच्या तळाशी, दीड वर्षापूर्वीच्या त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: पश्चिमेची फांदी, फळ बारीक, देठ आखूड, खुंटाची फूट आहे काय ते बघावे.

मला कळलं नाही. त्यांनी पोळपाटावर बोटाने काढून दाखवलं. सफरचंदाचं झाड म्हणजे खाली एक जात, तो खुंट, आणि त्यावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, वाढवलेली दुसरी, गोड फळाची जात. कधीकधी कलमाच्या सांध्याखालून खुंटच फुटतो आणि गुपचूप वर चढतो. पानांच्या गर्दीत तो झाडाचीच फांदी वाटतो. म्हणजे एकाच झाडात दोन आया नांदत असतात.

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन थेट मॅडमकडे गेल्या. पुढचं मला मॅडमनीच नंतर सांगितलं. सासूबाईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही. म्हणाल्या, "मॅडम, खुरपं घेते, तुम्ही माझ्याबरोबर सातव्या ओळीत चला." वर्षानुवर्षं माती चढून त्या झाडाचा सांधा पुरता बुजला होता. सासूबाईंनी बुंध्याभोवतीची माती हातभर उकरली. मॅडमही गुडघे टेकून चिखलात बसल्या. सांधा दिसला, आणि त्याच्या चार बोटं खालून निघालेला, मनगटाएवढा जाड दुसरा सोट दिसला. तो बुंध्याला चिकटून पश्चिमेकडे वर गेला होता.

त्या सोटाची पानं तपासणीला गेली. दहा दिवसांनी निकाल आला. तेवीस रोपांची आई सापडली होती.

त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर मॅडम उभ्या राहिल्या. "बियांची गल्लत झालेली नव्हती," त्या म्हणाल्या. "झाडाची होती. मावशींनी ती दीड वर्षापूर्वी लिहून ठेवली होती. आम्ही कोणी वाचली नाही. मी मावशींची माफी मागते." त्या दिवसापासून कोणत्या फांदीवर पिशवी बांधली ते लिहायचा रकाना केंद्राच्या रजिस्टरमध्येच छापून आला. करप्याला रोखणारा गुण ज्या खुंटातून आला, त्याकडे तोवर कोणी आई म्हणून पाहिलंच नव्हतं. तो फक्त झाड तोलायला होता.

त्या संशोधनाचा लेख छापून आला तेव्हा लेखकांच्या यादीत सासूबाईंचं नाव चौथं होतं. लेख इंग्रजीत होता. त्यांनी तो माझ्याकडून दोन वेळा वाचून घेतला, अर्थासकट, आणि एका आकड्यात खोट काढून मॅडमना फोन केला. चूक खरंच होती. सासऱ्यांनी ते पान डेपोत नेलं आणि तेलकट हातांनी कोणालाही शिवू दिलं नाही.

सासूबाईंच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्या तेवीसांपैकी एका झाडाला पहिलं फळ आलं. मॅडमनी चाचण्या उरकून एक फळ त्यांना घरी न्यायला दिलं. लिंबाएवढं, हिरवं, दगडासारखं. सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने चावा घेतला आणि त्यांचा एक डोळा मिटला.

"अगं, हे खाणार कोण?"

"खायला नाहीच ते," सासूबाई म्हणाल्या. "हा बाप आहे. पुढच्या वसंतात याचे परागकण गोड झाडाला लावायचे. त्यातली जगतील ती पुन्हा गोड झाडाला. बाजारात येईल असं फळ धरेपर्यंत वीस वर्षं जातील."

मी विचारलं, "आई, मग तुम्हाला ते बघायला मिळेल का?"

"मला नाही मिळायचं," त्या म्हणाल्या. आवाजात खंत अजिबात नव्हती, उलट मान ताठ होती. "पण त्या फळाची पणजी कोण ते मी शोधलं. तुझी लेक ते खाईल तेव्हा तिला सांग."

सासऱ्यांनी हातातलं फळ तोंड वाकडं करत, पण बियांपर्यंत संपवलं. बिया त्यांनी बशीत काढून ठेवल्या. सासूबाईंनी त्या मोजल्या आणि पाकिटात भरल्या.