तालमीचं बिस्किट

भुकूमजवळच्या कॅथलिक शाळेत स्टेलाबाई धर्मशिक्षण शिकवतात. चर्चमध्ये पहिला प्रसाद घ्यायची तालीम त्या मुलांकडून बिस्किटाच्या तुकड्यांवर करून घेतात. काल हिंदू घरातली सृष्टी बिगरख्रिस्ती मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास सोडून त्या रांगेत घुसली, आणि बाईंनी सवयीनं तिच्याही हातावर तुकडा ठेवला.

आज तिची आजी गोजराबाई तिचा हात धरून, तक्रारीचा अर्ज घेऊन मुख्याध्यापिकेसमोर उभी होती. "माझी नात बाटवली! ह्या बाईला नोकरीवरनं काढा, न्हाईतर पौडला पोलिसात जाते."

स्टेलाबाईंनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. "चूक माझीच, आजी. मी चेहरा बघितला नाही. पण हे दुकानातलं बिस्किट आहे. खरा प्रसाद व्हायला फादरांची प्रार्थना लागते."

आजीनं पुडा निरखला. "सृष्टे, तितं कशाला गेलीस गं?"

"बिस्किट होतं म्हणून. मी दोनदा गेले."

आजीनं अर्ज घडी घालून कमरेला खोचला. "बाई, हातावर ठेवायच्या आदी तोंड बघत जावा."