भूकंप केंद्राची पाटी

पाहुणे अर्धा चहा टाकून उठले, तेव्हा मी मागच्या खोलीत भूकंपमापकाच्या ड्रमवरचा कागद बदलत होते. बोरी अरबच्या देवानंद तायडेंच्या घराची ही खोली आमच्या ऑफिसकडे भाड्याने होती. जमिनीत पुरलेला सेन्सर थरथर टिपायचा आणि पेन ती कागदावर उमटवायचं. तायडेंच्या मुलीला, प्रज्ञाला बघायला उमरखेडचे गवई मुलासह आले होते.

तायडे दारात आले. "मॅडम, तुमची पाटी काढा. पोरीचं जमत आलेलं मोडून राह्यलं."

पाटीवर ठळक अक्षरं: भूकंप केंद्र. पेपरात केंद्र म्हणजे भूकंप जिथून निघतो ती जागा. उमरखेड मराठवाड्याच्या वेशीवर. किल्लारीचा भूकंप तिथल्या लोकांच्या डोक्यातून गेला नव्हता. मुलगी तर लग्न होऊन इथून जाणारच होती, पण भीतीला कुठे तर्क असतो?

ऑफिसातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, लेखी ऑर्डरशिवाय पाटीला हात लावू नका. राग त्यांचा आला, स्वतःचा जास्त, कारण पाटीचा मजकूर मीच दिला होता. कागदावर 'नोंद' लिहून दोन शब्दांच्या मधे चिकटवलं आणि पाहुण्यांना थांबवायला एसटी स्टँड गाठला.

गवई कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवायचे. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत केंद्रावर माल कमी, भांडणं जास्त. मी विचारलं, "तुमच्या केंद्रात कापूस उगवतो का?"

ते हसले नाहीत, पण बसमध्येही चढले नाहीत. मुलाला घेऊन माझ्याबरोबर परत आले.

मी त्यांना आदल्या आठवड्याचा कागद दाखवला. दक्षिण अमेरिकेत मोठा भूकंप झाला आणि सुमारे वीस मिनिटांनी इथे पेन हललं. लाट पृथ्वीच्या गाभ्यातून आली होती.

"आत जाऊन कोनं पाह्यलं?" गवई म्हणाले.

कुणीच नाही, मी सांगितलं. तुम्ही गाडीतल्या कापसात हात खुपसून ओल बघता. गाभा सुरू होतो एकोणतीसशे किलोमीटर खाली, तिथे हात पोचत नाही. म्हणून आम्ही लाटा बघतो. दाबत-ढकलत जाणारी लाट द्रवातूनही जाते. आडवी हलवणारी द्रवात शिरतच नाही, आणि गाभ्यातून ती सरळ येत नाही. म्हणजे गाभ्याचा बाहेरचा थर वितळलेला: बहुतेक लोखंड, थोडं निकेल. त्याच्या आत मात्र घट्ट गोळा, तोही मुख्यतः लोखंडाचाच.

"आत तर जास्त गरम. मंग घट्ट काहून?" दारातून प्रज्ञाने विचारलं.

"वरच्या दाबामुळे."

"प्रेसमधल्या कापसाच्या गठाणीवानी," गवई खूश होऊन म्हणाले. मग तायडेंकडे वळून म्हणाले, आमची काही हरकत नाही, तारीख काढा. तायडेंचा जीव भांड्यात पडला.

प्रज्ञा तिथेच उभी होती. "बाबा, मले नाही करायचं तिथं. यायनं पाटी वाचली, मशीनबद्दल इचारलं. मले एक सवाल नाही इचारला."

गवईंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने चपला शोधल्या.

तायडे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गाभा समजावताना एक धोका असतो: एकाला प्रश्न सुचला की घरातल्या सगळ्यांनाच सुचू लागतात. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.