पेटीतला बिल्ला

धुळ्याच्या इस्पितळात एक्स-रे यंत्र आले तेव्हा मी जळगावहून, पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन, त्याच्यावर रुजू झालो. किरणांचे मोजमाप हा कुणाचा स्वतंत्र पेशा असू शकतो, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हते. मोठे डॉक्टर मला ‘फोटोवाले’ म्हणत.

माझ्या मदतीला एक शिपाई होते, शिंदखेड्याकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळे त्यांना नाना म्हणत. शिरपूरकडून गाडीत हिंदकळत आलेले, हात मोडलेले मूल यंत्राखाली थोडेच स्थिर राहणार? नाना त्याला दोन्ही हातांनी धरत.

“हालू नको रे, नहीतं वाघ ई जाई!”

वाघ येणार म्हणताच मूल दचकून गप्प होई आणि मी पडद्यामागून बटण दाबी. नानांच्या अंगावर किरण अडवणारा शिशाचा एप्रन असे. हात उघडेच.

पुढे मुंबईहून बिल्ले येऊ लागले. आत फिल्मचा तुकडा. महिनाभर छातीवर लावायचा आणि परत पाठवायचा. अंगावर जेवढे किरण पडले असतील तेवढी फिल्म काळी होते. अहवाल आले. माझ्या बिल्ल्यावर थोडी नोंद होती, नानांच्या बिल्ल्यावर शून्य. पडद्यामागच्या माणसाला किरण लागतात आणि रुग्णाला धरणाऱ्याला नाही?

बिल्ला कुठे असतो, असे मी नानांना विचारले.

“पेटीमा शे ना, साहेब. धोतरना घडीमा. सरकारनी वस्तू, हरपनी तं मनी नोकरी जाई.”

“नाना, तो अंगावर लावायचा असतो.”

“आनि पोऱ्यानी वढी लिधा तं?”

मूल बिल्ला ओढून घेईल ही त्यांची भीती तिथेच बसून समजावून काढायला हवी होती. पण आदल्याच दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले होते, “अहवाल स्वच्छ येताहेत तुमचे. मुंबईच्या प्रशिक्षणाला तुमचं नाव पाठवतो.” नानांची खरी नोंद गेली असती, तर चौकशी झाली असती आणि माझे नाव मागे पडले असते.

“बरं, जपून ठेवा,” मी म्हणालो.

मुंबईत वर्षभर शिकलो. किरणांनी हातांचे काय होते, यावर परीक्षेत चार पाने लिहिली, चांगले गुण मिळाले. नानांना खुशालीचे कार्ड टाकले. त्यात बिल्ल्याचा शब्द नव्हता.

परतलो तेव्हा नानांची नखे फुटली होती आणि उजव्या हातावरची जखम भरत नव्हती. मग एक बोट काढावे लागले. हा आजार कामामुळे झाला का, असे कचेरीने मला लेखी विचारले. मी उत्तर दिले, “सर्व अहवाल शून्य आहेत.” त्यातले अक्षरही खोटे नव्हते. नानांना आजारी म्हणून घरी पाठवले. दोन वर्षांत ते गेले.

नंतर मी कितीतरी मुलांना हे शास्त्र शिकवले. बिल्ला पेटीत ठेवणाऱ्या शिपायाची गोष्ट दर वर्षी सांगायचो, मुले हसायची. त्याला ‘जपून ठेवा’ म्हणणारा कोण, हे सांगितले नाही. तो मी.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी नाना बिल्ला परत द्यायला आले होते. उजवा हात पट्टीत होता. डाव्या हाताने त्यांनी फडक्याची गाठ सोडली. बिल्ला नवाकोरा होता, त्याला धोतराच्या साबणाचा वास येत होता.

“ल्या साहेब. बठ्ठा परत दिधात. एक बी हरपना नही.”

मी तो घेतला आणि सगळे बिल्ले परत मिळाल्याची वहीत सही केली.