खांद्यावरचा हात
डांबरगोळ्यांचा वास आला की मला आमचा कुलवृत्तांत आठवतो. बहात्तरच्या सुमारास साताऱ्याचे चुलतसासरे त्यासाठी सगळ्या भाऊबंदांकडून माहिती आणि फोटो गोळा करत होते. मी नवी नवरी, पुस्तकात छापून येणार म्हणून नुसती फुगलेली! थोरल्या नणंदेचं घड्याळ मागून घेतलं, सांगलीच्या स्टुडिओत ह्यांना खुर्चीत बसवलं आणि मागं उभी राहून, घड्याळ दिसेल असा हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला. पुस्तक आलं, तर सुनांना फोटोतून कापलेलं! पानावर एकटे हे, आणि खांद्यावर घड्याळासकट माझा हात. मी रडकुंडीला आले. नणंद म्हणाली, "अगं, रडतेस काय? आम्हा लेकींची तर नावंसुद्धा नाहीत, पण माझं घड्याळ आलं की!" परवा ट्रंकेतून ते पुस्तक काढून नातीनं विचारलं, "आजी, हा भुताचा हात कुणाचा?" म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या मानगुटीवर जन्मभर बसलं ना, त्याच भुताचा!"