पंचेचाळीसच्या पुढे

शनिवारी दुपारी सुरगाण्याहून परत येताना जीप रस्ता सोडून खाली गेली. जीप माझा नवरा चालवत होता. रविवारी सकाळी त्याला शवागारातून घरी आणलं.

पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने.’ मी नाशिकच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. पान गहाळ झालेलं पुस्तक मला बेचैन करतं, तसं हे वाक्य करत होतं. ताबा कशाने सुटला, हे त्यात नव्हतं. ती जागा मग लोकांनी भरली.

माझा नवरा दिंडोरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. सुट्टी मिळाली की सुरगाण्याच्या पाड्यांवर जाऊन भाताची जुनी वाणं जमा करायचा. त्यासाठीच त्याने ती जुनी जीप घेतली होती. पाड्यांवर त्याचे मित्र होते. एकदा तिथे त्याने मोहाची दारू घेतली होती आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं होतं. पुन्हा घेऊन गाडी चालवणार नाही, असं तेव्हा म्हणाला होता. मी विश्वास ठेवला होता. त्या शनिवारपर्यंत.

धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, पाड्यावर गेलं की आग्रह होतो. आणि दादाला नाही म्हणता यायचं नाही.”

“तुम्ही बघितलं का भाऊजी?”

“बघायला कशाला लागतं? भर दुपार, कोरडा रस्ता, समोर गाडी नाही. कशी जाईल मग खाली?”

मी उठले. आत जाऊन दवाखान्यातून आलेला त्याचा शर्ट हुंगला. डिझेल आणि फिनेल, एवढाच वास होता. दिरांना ठाऊक नाही, पण त्या दिवसांत तो शर्ट मी तीन वेळा हुंगला.

ज्या शेतकऱ्याच्या घरून तो त्या दिवशी निघाला होता आणि ज्याने धावत येऊन त्याला जीपमधून बाहेर काढलं, तो दहाव्याला नाशिकला आला. गोदावरीच्या काठावर सगळ्यांपासून लांब बसून होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, “बाई, गाडी नाचली. पुढली चाकां अशी अशी झाली.” त्याने दोन्ही पंजे उभे धरून थरथरवून दाखवले. “सरांनी असं घट्ट धरलं व्हतं. पन ती आयकंच ना.”

दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, “तोच सकाळपासून लावून बसला असेल. त्याचं काय ऐकता!”

पण ते पंजे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. कारण तशी थरथर मी स्वतः एकदा पाहिली होती. अपघाताच्या दोन महिने आधी आम्ही वणीला जात होतो. काटा पंचेचाळीसवर होता. एका खड्ड्यातून चाक गेलं आणि स्टिअरिंग त्याच्या हातात शिवणयंत्रासारखं धडधडायला लागलं. आधी आमचे दात वाजले, मग पूर्ण जीप हलायला लागली. त्याने ब्रेक न दाबता वेग हळूहळू कमी केला, तेव्हा कुठे ते थांबलं. नंतर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या मिस्त्रीकडे त्याने गाडी दाखवली. मिस्त्रीने पुढची चाकं बॅलन्स केली आणि स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा सांधा, टाय रॉड एंड, नवा घातला. गाडी दुसऱ्यांदा थरथरली तेव्हा मिस्त्री म्हणाला, टायर बदला. अपघात झाला तेव्हा टायर बदलून आठ दिवस झाले होते.

म्हणजे मग मिस्त्री. त्याने नवा म्हणून जुनाच सांधा रंगवून बसवला असेल. दारूपेक्षा हा संशय मला सोयीचा होता, हे आज कळतं.

दीर जीप भंगारात द्यायला निघाले होते. मी नको म्हटलं आणि ती ओढत त्याच मिस्त्रीच्या दारात नेली. दुसऱ्याकडे दिली असती, तर ह्याने काय केलं होतं ते मला कधीच कळलं नसतं. आदल्या संध्याकाळी ग्रंथालयातला व्हाइटनर आणून पुढच्या प्रत्येक सांध्यावर मी एकेक ठिपका दिला होता. त्याने गुपचूप काही बदललं, तर ठिपका जाईल.

मिस्त्री मालेगावचा. बोलका माणूस, पण मला बघून नुसता हात पुसत उठला. रेडिएटर, मडगार्ड, काचेची चौकट, दिवा, एवढं मोडलं होतं. तो गाडीखाली गेला आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला.

“मॅडम, हे पांढरं पांढरं काय आहे? गाडीखाली पाखरं शिटतात का तुमच्याकडे?”

तो सरपटत बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि त्याला समजलं. रागावला नाही. कारागिराला म्हणाला, “त्या ठिपक्यांना कुणी हात लावू नका रे. मॅडमचं गणित आहे ते.”

त्यानंतर कॉलेज सुटलं की मी रोज तिथे जाऊन बसायची. मांडीवर पुस्तक असायचं. पान उलटत नव्हतं.

मोडलेलं बसवून झाल्यावर त्याने जीप म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्त्यावर काढली. मी शेजारी. पंचेचाळीसच्या पुढे काटा गेला, खड्डा आला आणि पुन्हा तेच. मिस्त्रीने वेग हळूहळू कमी केला. गाडी कडेला उभी करून म्हणाला, “हे आपटल्यामुळे झालं असेल. पुढचा एक्सल वाकला असेल.”

“आपटायच्या आधीही होत होतं. तुम्हीच दुरुस्त केलं होतं ना?” मी म्हटलं.

परत आल्यावर त्याने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली. दोन्ही बाजूंनी. एक्सल सरळ होता. मग जॅक लावून पुढची चाकं उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं, चाक ज्यावर वळतं ती किंग पिन ठीक. डावी-उजवीकडे धरून हलवलं, सांधे ठीक. तो नवा सांधा काढून त्याने माझ्या हातात ठेवला. नवाच होता. रंगवलेला नव्हता. मी तो उलटसुलट करून बघितला, आणि आता कुणावर संशय घ्यायचा, हे मला सुचेना.

घरी नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत जीपची माहितीपुस्तिका होती. मी ती बसून वाचली, जसं काहीही वाचते तसं, मुखपृष्ठापासून. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, पुढची ढिलाई तपासताना गाडीचं वजन चाकांवर असू द्यावं. दुसऱ्या दिवशी मी ते पान मिस्त्रीपुढे धरलं.

“पुस्तक वाचून गाड्या नीट झाल्या असत्या, तर मी शाळा कशाला सोडली असती?” तो म्हणाला. पण जॅक काढला.

मला म्हणाला, “बसा आत. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. घाई नको.” आणि खाली आडवा झाला.

मी डावीकडे, उजवीकडे करत राहिले. खालून काही आवाज येईना. मग त्याचा हात बाहेर आला. थांबा.

जॅकवर असताना जे दिसत नव्हतं ते जमिनीवर दिसलं. चाकांच्या आधी एक्सलच सरकत होता. एक्सल स्प्रिंगच्या ज्या पाट्यांना बांधलेला असतो, त्या पाट्यांच्या टोकाला धक्का झेलणारे रबराचे बुश असतात. मिस्त्रीने डाव्या बाजूचा बुश काढला. बोटांत धरला तर काळ्या लोण्यासारखा दबला. उजव्या बाजूचा तसाच.

“आपटून रबर फाटतं मॅडम. असं विरघळत नाही. ह्याला वर्षं लागतात.” त्याने बुश हुंगला. “ऑईलने रबर असं गळतं. ह्याला ऑईल कोण लावत होतं?”

नवऱ्याचं घर दिंडोरीकडचं, शेतकऱ्याचं. पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या लोखंडाला इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल लावायचं, ही त्यांच्याकडची रीत. कोळपं, फवारणीचा पंप, फाटकाच्या बिजागऱ्या, काही सुटायचं नाही. जीप आली तेव्हा तीही त्यात आली. सुरगाण्याचा पाऊस लोखंड खातो, तो म्हणायचा. दर वर्षी मे महिन्यात एका रविवारी आम्ही जुने कपडे घालून डबा आणि ब्रश घेऊन बसायचो. मागचा भाग त्याचा, कारण तिथे पाठीवर झोपून शिरावं लागे. पुढचा भाग बसूनही हाताला यायचा. तो माझ्याकडे. मी लोखंड आणि रबर असा भेद केला नाही. सांध्यांत जास्त गंज चढेल, म्हणून तिथे दोन हात जास्त दिले. दुपारी दोघं केरोसीनने हात धुऊन आमरस खायचो. नऊ वर्षं.

“पुढचं मी लावायची,” मी म्हटलं.

मिस्त्री खाली बघत होता. “मी दर सर्व्हिसिंगला खालून बघायचो. काळं, चकचकीत. मनात म्हणायचो, काय गाडी ठेवलीय सरांनी! मलाही नाही दिसलं मॅडम. आणि मी तर टायर बदलायला सांगितले.”

मी त्याच्याबद्दल तीन महिने काय विचार केला होता, ते त्याला सांगितलं नाही. ठिपक्यांनी सांगितलंच होतं.

नवे बुश घालून आम्ही पुन्हा म्हसरूळच्या पुढे गेलो. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न. तोच खड्डा. स्टिअरिंग हललं नाही. मिस्त्रीने दोन क्षण दोन्ही हात सोडून दाखवले आणि लगेच धरले.

दिरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे गाडी हलली, हे खरं. पण घेतली नव्हती, हे कशावरून?”

ते चूक बोलत नव्हते. मी जीप घेऊन, मिस्त्रीला चालवायला बसवून, सुरगाण्याला गेले. तो शेतकरी खळ्यावर होता. मी सरळच विचारलं, त्या दिवशी सरांनी घेतली होती का?

“कुठली!” तो म्हणाला. “च्या पन नाय घेतला. दूध फाटलं व्हतं. माझी बायको अजून बोलतं, सर उपाशी गेला आपल्या घरून.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. फाटलेल्या दुधाची गोष्ट कुणी जुळवून सांगत नाही. दिरांनी ठेवला की नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

ह्याला आता काही वर्षं झाली. जीप दारात उभी असते. मी चालवायला शिकले, चाळीसच्या पुढे नेत नाही. मे महिन्यात कुणी ऑईल लावत नाही. खालून गंज चढला आहे. बुश कोरडे आहेत.